आठ मिनिटं

पहिल्याच बारीला इवाओ मानाबेंना झोपडीत चक्कर आली, म्हणून त्यांची सून फुसाए हिने घरातला टेबलपंखा नेऊन तिथे ठेवला.

झोपडी म्हणजे चार खांब, वर पत्रा आणि तीन बाजूंना फळ्या. आत उदबत्तीची पेटी, बाहेर ढोल. सारुगा तळ्याची मोरी उघडली की पाणी पाटात उतरे, आणि ते कोणाच्या खाचरात किती वेळ जायचं हे उदबत्ती ठरवी. एका घराला एक उदबत्ती. सत्तावीस घरं, सत्तावीस उदबत्त्या. उदबत्ती संपली की इवाओ ढोल वाजवीत. ज्याची बारी झाली तो आपल्या खाचराच्या तोंडावरची फळी खाली टाकी, पुढचा आपली उचली. चांगल्या पावसाच्या वर्षी पेटी देवळाच्या माळ्यावर पडून असे. या वर्षी जूनमध्ये पाच दिवस पाऊस पडला आणि मग पडलाच नाही. जुलैच्या मध्यापासून बारी सुरू झाली.

इवाओ अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. एकतीस वर्षं पेटी त्यांच्याकडे. त्यांनी ढोल वाजवला की कोणी मनगटाकडे बघत नसे.

"हा कशाला?" पंख्याकडे बघून ते म्हणाले.

"परत चक्कर आली तर ढोल कोण वाजवणार, बाबा?"

"तू वाजव."

"मी वाजवला तर वरच्या वाडीतले लोक फळी टाकतील का?"

दिव्याच्या होल्डरमधून वायर काढून तिने पंखा लावला. मान फिरवत तो म्हाताऱ्याच्या पाठीवरून पेटीवर आणि पेटीवरून परत पाठीवर वारा टाकू लागला. इवाओंनी गळ्यातला पंचा काढून गुडघ्यावर ठेवला. पंचा पिळला असता तर पाणी निघालं असतं. फुसाए थर्मासमधला जवाचा चहा त्यांच्या हाताशी ठेवून तण काढायला गेली.

त्यानंतर सहा-सहा दिवसांनी आणखी चार बाऱ्या झाल्या.

*

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात भात पोटरीत आलं, लोंबी खोडाच्या आत भरू लागली. याच पंधरवड्यात पाणी चुकलं तर लोंबी रिकामी निघते, हे सगळ्यांना माहीत होतं. वरच्या वाडीतलं भात गडद होतं. मानाबेंचं खाचर पाटाच्या शेवटाजवळ, सव्विसावं. ते बरं होतं. त्यांच्या खाचरापाशी पाट संपे आणि तिथून एक चारी निघून बांबूच्या बनाखालून सहाशे मीटर जाई. त्या चारीवर एकच खाचर होतं, किनुएबाईंचं. सत्ताविसावं.

किनुए बहात्तर वर्षांची. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मुलगी ओसाकाला. पाठ इतकी वाकलेली की उभी राहिली तरी भातातलं काही शोधते आहे असं वाटे. तिच्या खाचराला पायाचा अंगठा जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. पानं दुपारी गुंडाळून सुईसारखी होत आणि आता सकाळीही उलगडत नव्हती.

पाचव्या बारीच्या दिवशी ती झोपडीशी आली. हातात फावडं होतं.

"इवाओ-सान, पाणी माझ्या तोंडाशी येतं आणि तुमचा ढोल वाजतो."

"उदबत्ती संपते तेव्हा वाजवतो."

"पोचायलाच अर्धा तास लागतो त्याला. चारी पिते सगळं. मला मिळतं काय? बेडूक पाय धुवेल एवढं."

"चारी तुझी आहे. भेगा बुजवल्यास?"

"दोनदा. रात्री कमरेला गरम पाण्याची पिशवी लावून झोपते." ती थांबली. पंख्याचा वारा तिच्या तोंडावरून गेला. "गार आहे इथं. मजा आहे तुमची."

इवाओंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एकतीस वर्षांत त्यांना असं कोणी बोललं नव्हतं. फुसाएने चहाचा पेला पुढे केला. किनुएने तो घेतला, उभ्यानेच प्यायली, पेला झटकून परत दिला आणि बनाकडे चालू लागली.

*

त्याच दिवशी जिल्ह्याच्या कचेरीतून मियावाकी नावाचा तरुण अधिकारी आला. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, हातात पाण्याचा वेग मोजायचं यंत्र. बूट इतके नवे होते की पाटावरच्या बायका त्यांच्याकडेच बघत होत्या. शहरात नळाला दिवसातून पाच तास पाणी येत होतं. कोणत्या तळ्यात किती शिल्लक आहे आणि ते कुठे वाया जातं, हे त्याला लिहून न्यायचं होतं. किनुएच्या खाचरात पाणी सहाच मिनिटं आलं, हे त्याने त्या बारीला स्वतः मोजलं.

"मानाबे-सान, प्रत्येक बारी किती मिनिटं चालली ते घड्याळ लावून लिहाल का?" त्याने फुसाएला विचारलं. "पुढच्या वेळेला?"

"उदबत्ती चाळीस मिनिटांची असते," इवाओ आतून म्हणाले.

"हो, हो. फक्त कागदासाठी."

सहाव्या बारीला फुसाए मनगटावर घड्याळ बांधून बसली. पहिल्या घराची उदबत्ती बत्तीस मिनिटांत संपली. आपलं चुकलं असेल असं तिला वाटलं. दुसरी एकतीस. तिसरी तेहतीस. चौथीच्या वेळेला इवाओ लघवीला गेले; परत आले तेव्हा तिने पंखा बंद करून पाती पुसायला घेतली होती. धूळ चिकट झाली होती, वेळ लागला. पेटीच्या भोकांतून धूर सरळ वर चढत होता.

ती उदबत्ती चाळीस मिनिटं चालली.

पाती हातात घेऊन ती तशीच बसून राहिली. मग पंखा जोडला, लावला. बत्तीस. बंद केला. एकोणचाळीस. इवाओंना डुलकी लागली होती, घाम मानेवरून ओघळत होता. तिने एकदा पुन्हा लावला. एकतीस. पंखा बंद केला आणि मग त्या बारीत लावलाच नाही.

"बिघडला का?" जागे होऊन इवाओंनी विचारलं.

"हो," ती म्हणाली.

जेवणाच्या वेळी तिने कागदाच्या पाठीमागे हिशेब मांडला. आठ मिनिटं सगळ्यांचीच गेली होती. वरच्या घरांना चाळीसची बत्तीस मिळाली. पण किनुएच्या चाळिसातली सव्वीस चारी भिजण्यात जात. राहत चौदा. त्यातून आठ गेली की उरत सहा. वरच्यांचा पाचवा हिस्सा गेला होता, किनुएचा अर्ध्याहून जास्त. आणि असं पाच वेळा. तिने कागदाची घडी केली, आणखी एक घडी केली आणि जेवणाच्या डब्याखाली ठेवली.

*

फुसाएचा नवरा तोशिआकि शहराच्या पाणीखात्यात टँकर चालवी. तो घरी आला तेव्हा अजून उजेड होता. बूट काढून तो पायरीवरच आडवा झाला.

"आज एका म्हातारीनं हात धरून विचारलं, तुम्ही कुठले? म्हटलं, सारुगाचा. तर म्हणते, अरे, तुमच्याकडं तळी आहेत ना भरलेली?"

"भरलेली," इवाओ म्हणाले.

"त्यांना रस्त्यावरून दिसतं ते दिसतं, बाबा. हिरवं शेत दिसतं. तिथं चौथ्या मजल्यावर बादल्या चढवतात लोक. इस्पितळात उकळलेली भांडी जपून वापरतात."

"मग भात खात नाहीत का ते?"

"खातात. दुकानातून आणून."

इवाओंनी काकडीच्या लोणच्याचा तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावला. तोशिआकिने सांगितलं की परवाच्या तळ्याच्या सभेत मियावाकी प्रस्ताव मांडणार आहे: बनाखालची चारी बंद करायची. तिथे बहुतेक पाणी जमिनीत जातं, पोचतं सहा मिनिटं. ते पाणी तळ्यात राखून शहराला द्यायचं. किनुएबाईंना भरपाई मिळेल. वरच्या वाडीतले तयार आहेत.

"त्सुकुदाही?" इवाओंनी विचारलं. त्सुकुदा तळ्याचे प्रमुख होते.

"ते म्हणाले, म्हातारीला फावडं उचलायचं तरी सुटेल."

"तिचा सासरा तळ्याच्या भरावाला माती वाहत होता," इवाओ म्हणाले. "त्सुकुदाचा बाप तेव्हा सावलीत बसून टोपल्या मोजायचा."

फुसाए पाणी तापवायला उठली. सहा मिनिटं. मियावाकीच्या कागदावर आता ती तेवढीच होती, आणि तो कागद पुढे गेला होता. ती बोलली नाही तर चारी बंद होणार होती. बोलली तर एकतीस वर्षांचा ढोल खोटा ठरणार होता, आणि तो तिच्या पंख्याने खोटा ठरवला होता. किटलीचं झाकण थडथडायला लागलं तरी ती तशीच उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी इवाओ अंगणात विळ्याला धार लावत होते. ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि सगळं सांगितलं. पंखा, पाती, बत्तीस, चाळीस. त्यांनी विळा थांबवला नाही. दगडावर पाणी कमी झालं तेव्हा त्यांनी थुंकी लावली.

"कोणाला सांगितलंस?"

"नाही."

"तोशिआकिला?"

"नाही, बाबा."

त्यांनी अंगठ्याच्या नखावर धार पाहिली. "पंखा घरी घेऊन ये," ते म्हणाले.

*

सभा देवळाशेजारच्या चटयांच्या खोलीत भरली. खिडक्या उघड्या, वारा नाही, झाडांवरच्या किड्यांचा कर्कश आवाज इतका की माणसं ओरडून बोलत होती. पुरुष दोन रांगांत, किनुए दाराशी. ती एकटीच बाई घराच्या वतीने बसलेली. फुसाए आणि वरच्या वाडीतल्या दोघी मागे चहा ओतत होत्या.

मियावाकीने तक्ता दाखवला. चारी, झिरपणं, सहा मिनिटं. तो नीट बोलला. किनुएकडे बघून दोनदा मान झुकवली.

"सहा मिनिटांसाठी चाळीस मिनिटांचं पाणी सोडणं," तो म्हणाला, "मला समजतं की भावना असतात—"

"भावना नाहीत, भात आहे," किनुए म्हणाली.

कोणी हसलं. त्सुकुदांनी हातपंख्याने वारा घेणं थांबवलं. "किनुए-सान, कोणी तुझं वाईट करत नाही. कागद मिळेल, भरपाई मिळेल. या वयात—"

"तुमचं वय माझ्याहून दोन वर्षांनी जास्त आहे. तुमचं पाणी बंद करा."

तेव्हा इवाओ पुढे सरकले. उठले नाहीत; गुडघ्यांवरच, दोन्ही हात चटईवर टेकत. गुडघे दुखत असल्यामुळे त्यांना वेळ लागला आणि सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"उदबत्ती चुकली," ते म्हणाले. "चाळीस नाही. बत्तीस मिनिटंच जळत होती. पाच बाऱ्या. मला ऊन सोसेना म्हणून मी झोपडीत पंखा नेला. वाऱ्यानं उदबत्ती लवकर जळाली. माझ्या लक्षात आलं नाही. किनुए-सानच्या खाचराला म्हणून सहा मिनिटं मिळाली. चूक माझी आहे."

त्यांनी कपाळ चटईला टेकवलं. पांढऱ्या केसांमधून टाळूवरचे डाग दिसत होते. फुसाएच्या हातात किटली होती आणि तिच्यासमोर त्सुकुदांचा पेला. पेला भरला, काठापर्यंत आला. ती थांबली. 'मी' हा एवढा शब्द तोंडातून काढायला ती श्वास घेत होती, तेवढ्यात इवाओंनी डोकं न उचलता मान थोडी वळवली, तिच्या बाजूला. ती पुढच्या पेल्याकडे वळली.

मग मागून कोणीतरी म्हणालं, "एकतीस वर्षं."

"आधीही असंच असेल कशावरून नाही?" दुसरा म्हणाला.

"पुरे," त्सुकुदा म्हणाले. "इवाओ-सान, डोकं वर करा." पण ते त्यांच्याकडे न बघता म्हणाले.

चारी बंद करायचा प्रस्ताव मियावाकीने स्वतःच मागे घेतला. आकडाच बरोबर नाही म्हणाला. शहराला पाणी द्यायचं ते येत्या बारीनंतर उरलं तर. यापुढे उदबत्ती नको, घड्याळ. ते कोण धरणार, यावर सगळ्यांनी इकडे-तिकडे पाहिलं आणि त्सुकुदांनी फुसाएचं नाव घेतलं. "तिच्याकडं घड्याळ आहेच. आणि कागदही नीट लिहिते." तिने मान झुकवली. नाही म्हणायला जागा नव्हती.

मग किनुएने विचारलं, "माझी गेलेली मिनिटं?"

"कोणती?"

"पाच बाऱ्या, आठ-आठ. चाळीस मिनिटं. ती द्या मला."

खोलीत हालचाल झाली. वरच्या वाडीतला एकजण म्हणाला, "मग आमचीही गेली. उदबत्ती सगळ्यांना सारखीच जळाली."

"तुमचं भात उभं आहे."

"उभं आहे म्हणून हक्क नाही का?"

सगळ्यांनी इवाओंकडे पाहिलं. सवय होती ती. इवाओ भिंतीकडे बघत होते.

"हिस्सा म्हणजे हिस्सा," ते हळू म्हणाले. त्यांनी आयुष्यभर हेच सांगितलं होतं, आणि आज दुसरं काही सांगायचा अधिकार त्यांच्याकडे राहिला नव्हता.

ठरलं. प्रत्येक घराला चाळीस आणि गेलेली चाळीस, ऐंशी मिनिटं. नेहमीच्या क्रमाने, वरून खाली. मियावाकीने बोटांवर मोजलं, मग कागदावर. "सगळ्यांचे मिळून छत्तीस तास होतात. तळ्यात चौतीस तासांचं पाणी असेल," तो म्हणाला. "शेवटी थोडं कमी पडेल."

त्या शब्दावर कोणी थांबलं नाही. लोक चपला शोधू लागले होते. किनुए दाराशी बसली होती, म्हणून सगळ्यांना तिच्या बाजूने वाकून जावं लागलं.

*

बारी तीन दिवस चालली, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. फुसाए झोपडीत घड्याळ समोर ठेवून बसे आणि काटा आला की ढोल वाजवी. पहिल्यांदा वाजवला तेव्हा वरचा माणूस फळी टाकायच्या आधी मनगटाकडे बघताना तिला दिसला. दुसऱ्या दिवसापर्यंत सगळेच बघत होते.

पत्र्याखाली भट्टी होती. दुसऱ्या दुपारी तिच्या डोळ्यांपुढे काळे ठिपके आले. तिने खारवलेलं उमेचं आंबट फळ चोखलं, पंचा भिजवून डोक्यावर ठेवला. उदबत्तीची रिकामी पेटी मागे फळीवर होती. इवाओ घरीच होते. ते तीन दिवस अंगणाबाहेर आले नव्हते, असं तोशिआकि म्हणाला.

तिसऱ्या दिवशी तीन वाजता पाटातलं पाणी गढूळ झालं आणि धार बारीक झाली. तळ्याचा तळ येऊ लागला होता. तीन वीसला मानाबेंची बारी लागणार होती. त्याच्या थोडं आधी इवाओ पाटावरून काठी टेकत येताना दिसले. ते आपल्या खाचराच्या तोंडापाशी थांबले. तिने ढोल वाजवला. पंचविसाव्या घराची फळी पडली. इवाओंनी आपली उचलली नाही.

ती बघत राहिली. पाणी त्यांच्या बंद फळीला लागलं, फिरलं, आणि पुढे चारीत शिरलं. स्वतःच्या भाताकडे पाठ करून ते झोपडीशी आले.

"तू जा," ते म्हणाले. "किनुएला सांग, लवकर येतंय. तिला फळी उचलू दे."

"आणि घड्याळ?"

"मला काटे दिसतात अजून."

ती पाण्याच्या पुढे पळाली. चारी वाकडीतिकडी, कोरडी, तिच्यात गेल्या वर्षीची बांबूची पानं. मध्ये थांबून तिने मागे पाहिलं. पाण्याचं टोक फेसाळ होतं, समोर धूळ आणि काटक्या ढकलत येत होतं, भेगेत बुडत होतं, भरून पुन्हा निघत होतं. तिने हातांनी पानं उपसली. किनुएही पलीकडून फावडं घेऊन आली आणि दोघी चारीतून मागे मागे सरकत भेगांवर माती ओढत राहिल्या. किनुएच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम टपटपत होता.

बनाच्या मध्यावर पाणी हळू झालं. मग एक हात पुढे आलं. मग थांबलं. त्यांच्या डोळ्यांसमोर त्याचं टोक वळलं, चपटं झालं आणि बांबूच्या मुळांमध्ये जिरून गेलं. मागून आणखी आलं नाही. तिथून किनुएचं खाचर दिसत होतं.

चार वाजले होते.

दोघी खाचराच्या तोंडाशी जाऊन बसल्या. किनुएने फळी उचलून बाजूला उभी केली होती. चार चाळीसला ढोल वाजला. तिची बारी सुरू झाली.

"कोण वाजवतंय?" किनुएने विचारलं.

"बाबा."

"वाटलंच. तू घाईनं वाजवतेस."

ऊन कलू लागलं. भाताचा वास पेंढ्यासारखा येत होता. किनुएने एक पोटरी तोडून नखाने चिरली. आतली कोवळी लोंबी पांढरी, मऊ आणि कोरडी होती. तिने ती फुसाएच्या तळहातावर ठेवली.

"इवाओ-सानना पंख्याचं बटण कुठं असतं ते तरी माहीत आहे का?" ती म्हणाली.

फुसाए त्या लोंबीकडे बघत राहिली. "नाही."

"तूच आणलास ना?"

"हो."

"सभेत का नाही बोललीस?"

तिने खूप शोधलं. "चहा ओतत होते," ती शेवटी म्हणाली.

किनुएने मान हलवली, जणू हे उत्तर तिला मोजून घ्यायचं होतं. "तुमचंही जाणार आता. तुमच्या खाचरालाही थेंब नाही."

"हो."

"म्हातारा वेडा आहे."

वरच्या वाडीतून कोणीतरी सायकलवरून बनाच्या कडेपर्यंत आलं आणि ओरडलं, "किनुए-सान, तळं संपलं! मोरीत चिखल आहे! घरी जा!" किनुएने हात वर करून ऐकलं असं दाखवलं. ती हलली नाही. फुसाएही हलली नाही. सायकल परत गेली. मुंग्यांची एक रांग चारीच्या तळातून, जिथे पाणी यायला हवं होतं तिथून, निवांत चालली होती.

सहा वाजता ढोल वाजला. पूर्ण ऐंशी मिनिटांनी, एकही कमी नाही.

किनुए गुडघ्यावर हात देऊन उठली. तिने फळी घेतली, तोंडाच्या खाचेत बसवली आणि खाली दाबली. मग फावड्याने दोन्ही कडांना कोरडी माती ओढली आणि गळू नये म्हणून टाचेने नीट दाबून बसवली.